भिमाजीनाना आणि न बसणारा बैल

भिमाजीनाना रिकामे बसलेत असं डिंगोऱ्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ते एसटीत कंडक्टर होते. तिकिटं देऊन झाली की लोकांच्या पिशव्या नीट लावायचे. पिशव्या लावून झाल्या की लोकांना नीट लावायचे. "ओ पावणं, ते पोरगं ह्या मांडीवरनं त्या मांडीवर घ्या. पोपटी साडीवाल्या ताई, खिडकीकडं व्हा. पुढं सरका, पुढं जागा हाय." पुढं जागा नसायची. लोकही सरकायचे नाहीत. नानांचं म्हणणं चालूच राहायचं.

नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांच्याकडे आहुप्याची मुक्कामी गाडी आली. संध्याकाळी गाडी डोंगरावर पोचायची, सकाळी परत निघायची. मधल्या वेळात तिथे करण्यासारखं काही नव्हतं. मोबाईलला रेंज नाही, एक दुकान होतं तेही लवकर बंद व्हायचं. ड्रायव्हर होते जुन्नरचे नवाबभाई. इंजिन बंद केलं की नवाबभाई कड्याच्या कडेला एका दगडावर जाऊन बसत. समोर सगळं कोकण खाली पडलेलं.

"काय बघतोस रे?" नाना विचारत.

"काय नाय."

"मग बसलाईस कशाला?"

"तेच बघायला."

या उत्तराने नानांच्या अंगाची आग व्हायची. मग ते गाडी झाडायचे. काचा पुसायचे. टायर ठोकून बघायचे. एकदा तेही संपलं, तेव्हा ते देवराईच्या कडेला पडलेल्या फांद्या उचलून एका रांगेत लावायला लागले. देवराईतली काटकीसुद्धा हलवायची नसते. गावातल्या एका म्हातारीने त्यांना लांबूनच हटकलं. "ओ कंडक्टर, ती रानाची हाय. पडली तिथं पडू द्या. आन तुमीबी जरा पडा जाऊन."

नानांनी फांद्या जागच्या जागी ठेवल्या. त्या कामात मात्र त्यांची ती संध्याकाळ बरी गेली.

मग ते रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, डेपोत फोटो झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते दाढी करून तयार होते. कुठे जायचं ते मात्र ठरत नव्हतं.

हे सगळं सरूबाईंवर आलं. मुलगा चाकणला कंपनीत, तिकडेच बिऱ्हाड. घरात नवरा-बायको दोघंच. नानांनी फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे सरूबाईंच्या आमटीत एकदा चहापत्ती पडली. शेतात बाया कांद्याची रोपं लावत होत्या तर हे बांधावरून, "पुढं सरका, पुढं सरका." बायांनी दुसऱ्या दिवशी यायचं नाकारलं. सरूबाई नवाबभाईंना फोनवर म्हणाल्या, "भाऊ, डेपोत ह्यांना एखादी जागा बघा की. बिनपगारी असंल तरी चालंल."

जागा नव्हती. पण बैल आला.

बैलाचं नाव तुफान. नानांचा भाचा सुदर्शन ओतूरला राहायचा. त्याला बैलगाड्याच्या शर्यतींचा नाद. इकडे यात्रेला घाटात बैलगाडे पळतात, चढाची धाव, वर सेकंदाचं घड्याळ लावलेलं. एकेका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. तुफानने कैक बाऱ्या मारल्या होत्या. सुदर्शनच्या टी-शर्टवर मागे तुफानचा फोटो आणि पुढे सुदर्शनचा. या उन्हाळ्यात एका घाटात तुफानचा पुढचा गुडघा गेला. आता तो पळणार नव्हता. सुदर्शनच्या दावणीला पळणाऱ्या बैलांनाच जागा अपुरी होती.

"मामा, तुमचा गोठा रिकामा हाय," सुदर्शन म्हणाला. "आन तुमीबी."

टेम्पोतून उतरवलेला तुफान गोठ्याच्या दारात अडून उभा राहिला. तिघांनी ढकललं, हलला नाही. नानांच्या तोंडून सवयीने गेलं, "पुढं सरका, पुढं जागा हाय." आणि तुफान सरळ आत गेला.

सगळ्या नोकरीत पहिल्या हाकेला पुढे सरकलेला हा पहिला प्रवासी. नाना तिथेच त्याच्यात गुंतले.

पण तुफान बसत नव्हता. गावातली इतर जनावरं ऊन चढलं की पाय मोडून बसतात, डोळे मिटतात, रवंथ करत राहतात. तुफान कायम उभा. मान वर, कान टवकारलेले, कुणी तरी आता बारीचा झेंडा पाडणार आहे असा. रात्री कधी टेकला तर टेकला, जरा खुट्ट झालं की उभा. ढोरांचे डॉक्टर आले, गुडघा दाबून पाहिला. "औषधानं सूज उतरेल. पण हा उभा राहिला की सगळा भार त्याच पायावर. बसला, निवांत झाला, तर पाय वाचेल. नाही तर अवघड आहे."

सुदर्शनने ऐकलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "मामा, पोळ्यापर्यंत बघू. सनाच्या आधी बैल काढत नाय मी. तवर बसाय लागला तर तो तुमचा. न्हाई तर बेल्ह्याच्या बाजारात नेतो. एक गिऱ्हाईक इचारतंय."

बाजारात गेलेला लंगडा बैल पुढे कुणाच्या दावणीला जातो, हे कुणी विचारत नाही. नानांनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त टॉवेल खांद्यावर टाकला आणि कामाला लागले.

आपल्यासारखंच याला रिकामपण सोसत नाही, असं नानांचं निदान होतं. यात निम्मं खरं होतं. त्यावरचा इलाज मात्र सगळा नानांचा होता. सकाळी अंघोळ. मग ओढ्यापर्यंत फेरी. मग खरारा. मग तोंड पूर्वेला बांधायचं, दुपारी पश्चिमेला, म्हणजे देखावा बदलतो. गव्हाणीवर त्यांनी दाढीचा आरसा टांगला. तुफानने आरशात एकदा पाहिलं आणि नंतर त्या बाजूला पाहणंच सोडलं.

"त्याला बोर व्हतंय," नाना म्हणायचे.

"व्हऊ द्या की," सरूबाई म्हणायच्या. "बैलच हाय. त्याला कुठं पेपर वाचायचाय?"

मग नानांना ती युक्ती सुचली. मोबाईलवर तुफानच्या जुन्या बाऱ्यांचे व्हिडिओ होतेच. मुलाने दिवाळीला दिलेला स्पीकर होता. संध्याकाळी ते गव्हाणीजवळ पोतं टाकून बसले आणि व्हिडिओ लावला. घाटातला निवेदक गरजला, हलग्या कडाडल्या, आणि मग ती लांबलचक आरोळी, "भिर्रर्रर्र!"

तुफानचे कान ताठ झाले. शेपूट उभी राहिली. नाकपुड्या फुलल्या, अंगावर शहारा आला, तो जमीन उकरायला लागला.

"बघ, बघ, कसा खूश झाला!" नाना ओरडले.

डिंगोऱ्यात घाटाचा नाद नाही असं घर नाही. शेजारपाजारचे जमले, त्यांनाही तसंच वाटलं. कुणी म्हणालं, डोळ्यांत पाणी आलं राव बैलाच्या. मग रोज संध्याकाळी हा कार्यक्रम ठरला. रोज तुफान बारी धरायला तयार व्हायचा आणि बारी यायची नाही. तो रात्रभर उभा राहायचा. गुडघा भोपळ्यासारखा झाला. नानांनी आवाज वाढवला.

एका संध्याकाळी "भिर्रर्रर्र"ला तुफान खरंच सुटला. खुंटा उपटून आला. नाना मागच्या मागे गव्हाणीच्या कट्ट्यावर आदळले. मोबाईल आणि स्पीकर खुराखाली गेले. तुफान अंगणात दहा पावलं पळाला आणि थांबला. पुढे घाट नव्हता. सरूबाईंचं तुळशीवृंदावन होतं.

नानांचं हाड वाचलं. कंबर गेली. ओतूरच्या डॉक्टरांनी बजावलं, पोळ्यापर्यंत उताणं पडायचं, मऊ गादी नको, लाकडी फळीवर. घरात फळीचा पलंग एकच होता. सुताराने तो गोठ्याला लागून असलेल्या पडवीत बसून बनवला होता आणि तो दारातून आत जात नव्हता. मग नानाच बाहेर आले. पलंगाच्या पायथ्याशी गोठा, गोठ्यात तुफान. मध्ये भिंत नाही.

मोबाईल दुरुस्तीला गेला. दुकानदार म्हणाला, काच पुण्याहून यायची आहे. सरूबाईंचा मोबाईल सरूबाईंच्या पिशवीत असायचा आणि पिशवी शेतात. जाताना त्यांनी उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि हाताला लागेल अशी काठी.

"आता दोघंबी गप पडा," त्या म्हणाल्या. आणि बऱ्याच महिन्यांनी गुणगुणत शेताकडे गेल्या.

पहिले काही दिवस नाना तुफानशी बोलले. डेपोतलं राजकारण सांगितलं. कोणत्या थांब्यावर कसली माणसं चढतात ते सांगितलं. चाकणची सून फोन का करत नाही यावर दोघांचं एकमत झालं, म्हणजे तुफान काही बोलला नाही. मग सांगण्यासारखं संपलं. नानांनी पत्रे मोजले. पत्र्यांचे खिळे मोजले. खिळे दोनदा वेगवेगळे भरले, म्हणून परत मोजले. तेही संपलं.

मग कंटाळा आला. असा कंटाळा नानांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आहुप्याला तो त्यांच्या आसपास फिरकला असेल, पण तिथे हातात झाडू होता. इथे तो सरळ छातीवर येऊन बसला. दुपार हलेना. ऊन भिंतीवरून मुंगीसारखं चढत होतं. कोंबडी येऊन उगाच एका जागी उभी राहत होती. नानांना रडू येईल असं वाटलं. मग तेही आलं नाही.

समोर तुफानचीही तीच गत होती. फेरी नाही, खरारा नाही, आरोळी नाही. तो भिंत चाटू लागला. दाव्याची गाठ जिभेने चाचपू लागला. नानांची चादर जिभेने ओढून त्याने एक कोपरा खाल्ला. आणि एक दिवस गव्हाणीतला पेंडेचा रिकामा डबा त्याने नाकाने ढकलला. डबा पडला, उतारावरून घरंगळत नानांच्या पलंगाला लागला. नानांनी काठीने तो परत लोटला.

तुफानने डब्याकडे पाहिलं. नानांकडे पाहिलं. आणि डबा परत ढकलला.

यातून काय होणार होतं? काहीच नाही. डबा जायचा, डबा यायचा. तुफान कधी कधी मुद्दाम वाकडा ढकलायचा, मग नानांना काठी लांबवावी लागायची आणि ते शिव्या द्यायचे. सरूबाई एकदा चारा घेऊन आल्या आणि दाराशी थांबून बघत राहिल्या. "रिटायर झालं दोघं एकदाचं," एवढंच त्या स्वतःशी म्हणाल्या.

मग डब्याचाही कंटाळा आला. दोघांनाही.

एका दुपारी डबा आला नाही. नानांनी मान उचलून पाहिलं. तुफान उभा होता, पण त्या उभं राहण्यात जोर नव्हता. डोळे अर्धे मिटलेले. एक कान पुढे, एक मागे, दोन वेगळ्या बैलांचे असावेत तसे. त्याने चांगला पाय मोडला. मग दुखरा, अगदी जपून. मग मागचा सगळा डोंगर खाली आला. त्याने हुश्श करून श्वास सोडला. थोड्या वेळाने गळ्यातून एक घास वर चढताना दिसला आणि जबडा फिरायला लागला.

नानांच्या ओठावर "सरू!" आलं होतं. ते तिथेच राहिलं. हाक मारली तर हा उठेल. हललं तर उठेल. पलंग कुरकुरला तरी उठेल. नानांच्या नाकावर माशी बसली. बसू दिली. लघवीला लागली. लागू दिली. सगळा जन्म दुसऱ्यांना हलवण्यात गेलेला माणूस ओंडक्यासारखा पडून राहिला, आणि समोर तो जबडा फिरत राहिला.

नेमके त्याच वेळी नवाबभाई कंबरेची चौकशी करायला आले. पडवीच्या तोंडाशी त्यांना नानांचा वर केलेला तळवा दिसला, बस थांबवायचा. नवाबभाईंनी चपला काढल्या. पालथ्या घमेल्यावर बसले.

"बसला?" ते कुजबुजले.

"हळू बोल."

"हळूच बोलतोय."

"मग गप बस."

नवाबभाईंनी नानांकडे निरखून पाहिलं. "भिमाजी, तू मला गप बस म्हणतोस? तू? या अल्ला."

"हसू नकोस. घमेलं वाजतंय."

नवाबभाई हसले, पण पोटातल्या पोटात. मग दोघे गप्प बसून राहिले. नवाबभाईंना त्यात काही विशेष नव्हतं, ती त्यांची रोजची विद्या. पण ऊन कलल्यावर त्यांनी पाहिलं की नानांच्या पायाची बोटं हलत नाहीयेत. गाडीत, टपरीवर, जेवताना, अगदी झोपेतही ती बोटं हलायची. हे त्यांनी नंतर जुन्नरच्या स्टँडवर जुन्या ड्रायव्हर लोकांना सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर तुफान रोज दुपारी बसायला लागला. सूज उतरत गेली. सरूबाईंनी सुदर्शनला फोन केला. "आरं, बसतोय आता."

"मामी, तुमी मायेनं सांगताय," सुदर्शन म्हणाला. "मी त्याला वासरू व्हता तवापासून बघतोय. त्यो बसायचा नाय. मी गिऱ्हाइकाला शब्द दिलाय."

पोळा झाला. सरूबाईंनी शिंगं रंगवली, पुरणपोळी खाऊ घातली, मिरवणुकीला नेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सुदर्शन टेम्पो घेऊन आला.

सरूबाई चाऱ्याला गेल्या होत्या. तुफान बसलेला होता. पण हा तोच टेम्पो होता ज्यातून तो घाटोघाट गेला होता. लांबूनच इंजिनचा आवाज आला आणि तुफानने रवंथ थांबवलं. टेम्पो दारात येईपर्यंत तो उभा राहिला होता. मान वर. कान ताठ. अंगावर तोच शहारा.

"बघा," सुदर्शन म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. "म्हनलं नव्हतं मी, मामा? ह्येला बसनं जमायचं न्हाई. सोडा दावं."

नाना पलंगावर उठून बसले होते. आधीचे नाना असते तर आत्तापर्यंत चार गोष्टी झाल्या असत्या. तुफानच्या पाठीवर थाप, सुदर्शनला गुडघा दाखवणं, टेम्पोवाल्याशी भांडण, आणि सगळ्याच्या वर तोंड चालू. नानांचे हात तसे हललेही. मग त्यांनी ते मांडीखाली घातले.

"इंजिन बंद करायला सांग," ते म्हणाले. "आन बस हितं."

"मामा, गिऱ्हाईक थांबलंय बेल्ह्याला."

"थांबू दे. बस."

"कशाला पन?"

"कशाला न्हाई. नुसता बस."

सुदर्शन बसला. मोबाईल काढला. नानांनी नुसतं पाहिलं, तसा परत खिशात घातला. पाय हलवायला लागला. नानांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. रस्त्यावर टेम्पोवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून लवंडला.

तुफान टेम्पोकडे बघत उभा होता. बघत राहिला. टेम्पोची फळी पडली नाही. कुणी कासरा धरला नाही. कुणी भंडारा उधळला नाही. कोंबडी टेम्पोखालून एकदा जाऊन आली. सुदर्शनला जांभई आली, ती त्याने दाबली, मग दुसरी आली ती दाबली नाही. तुफानचा एक कान खाली आला. नानांनी श्वास धरला. दुसरा कान आला. आणि मग तो, सुदर्शनच्या देखत, भर दुपारी, दारात टेम्पो उभा असताना, एक पाय मोडून, दुसरा जपून मोडून, खाली बसला.

सुदर्शनने तोंड उघडलं. नानांनी त्याच्या गुडघ्यावरचा हात दाबला.

जबडा फिरायला लागला. सुदर्शन बघत बसला. त्याच्या टी-शर्टच्या पाठीवर तुफान शेपूट उभी करून घाट चढत होता. समोर तुफान डोळे मिटून रवंथ करत होता. "ह्यो असा दिसतो व्हय," तो अगदी हळू म्हणाला. वासरापासून पाहिलेल्या बैलाला तो आज पहिल्यांदा बघत होता. त्याचा फोन खिशात थरथरला. गिऱ्हाईकच असणार. त्याने तो वरूनच दाबून बंद केला.

सरूबाई आल्या त्या डोक्यावर गवताचा हा मोठा भारा घेऊन. दारात टेम्पो आडवा. पडवीत दोन गडी ढिम्म बसलेले. भारा उतरवायला कुणी उठेना. त्या बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांना तुफान दिसला. त्या तिथेच थांबल्या, भाऱ्यासकट. भाऱ्यातून पाणी ठिबकत होतं, मानेवरून पाठीत उतरत होतं. त्या बराच वेळ तशा उभ्या राहिल्या.

मग त्या अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "सुदर्शन, बाबा, काय ठरवायचं ते ठरीव. माझी मान अवघडली."

सुदर्शनने तुफानकडे पाहिलं. मामाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे तोंड करून, आवाज न करता, टेम्पोवाल्याला हाताने खूण केली, वळव म्हणून. टेम्पोवाला झोपलेला होता. त्याला कोण उठवणार? उठवायचं तर ओरडावं लागलं असतं.

तेव्हा सरूबाईच भाऱ्यासकट उलट पावली गेल्या, आणि टेम्पोची काच त्यांनी एका बोटाने वाजवली.